शेवंतीचे जावळ

अल्पाका घाबरला की गुणगुणतो. मी घाबरले की कविता म्हणते. त्यामुळे त्या सकाळी अरबी वाळवंटातल्या धैद गावाजवळच्या आमच्या भाड्याच्या चिमुकल्या शेतावर मैफलच भरली होती.

शेवंती आणि अबोली या जेमतेम वर्षभराच्या दोन अल्पाका ह्यांनी हौसेने आणल्या होत्या. नात्याने उंटाच्या बहिणी, पण अंगावर थंड डोंगरांतली लोकर! उन्हाळा उंबरठ्याशी आलेला आणि लोकर कातरून देणारा गृहस्थ देश सोडून गेलेला. लोकर उतरली नाही तर त्या उन्हात त्या तगणार नव्हत्या.

"मी कातरते," मी म्हणाले. (व्हिडिओ पाहिले होते. पडदे बेतता येत होते. आणखी काय लागते?)

सासूबाई आडव्या आल्या. "पहिलेच केस ना गं हे? मग रीतसर जावळ करा. मामाच्या मांडीवर!"

"आज्जी, शी इज बेसिकली अ कॅमल!" माझी लेक ईरा किंचाळली.

"असू दे. मामा तिलाही हवाच."

अशा रीतीने माझा धाकटा भाऊ मिलिंद शहरातल्या अल मनखूलहून नवा कोरा झब्बा घालून हजर झाला. त्याला वाटले होते, जेवणाचे आमंत्रण आहे!

सतरंजीवर मामा आणि मामाच्या मांडीवर मणभर शेवंती. ह्यांनी मागचे पाय धरले. सासूबाईंनी कुंकू लावून ओवाळले. शेवंतीने अक्षता चाटून खाल्ल्या. तोवर सारे मंगल होते. मग मी मशीन सुरू केले.

त्या घरघराटासरशी शेवंतीने मान वळवली आणि पोटातला सगळा हिरवा चारा मामाच्या तोंडावर! जावळात मामाने आहेर करायचा असतो. इथे मामालाच मिळाला. आंबलेल्या गवताचा तो दर्प मला अजून ओळखता येतो.

"ताई, मी घरी जातो!"

"हलू नकोस! मामा आहेस ना, सोस!"

"बरगड्या गेल्या माझ्या!"

"यल्ला, लवकर!" पाय धरून घामाघूम झालेले हे ओरडले.

तेवढ्यात लोकरीतल्या वाळूने मशीनचा घसा धरला आणि ते कायमचे मुके झाले. खलास! पण त्या शांततेत शेवंती सैलावली. सासूबाईंनी तिचे डोके कुशीत घेऊन अंगाई धरली, मी माझी पडदे कापायची कात्री उचलली आणि ओठांत कविता घोळवत कातरू लागले. ऊन खाल्लेल्या गोधडीचा ऊबदार वास हातांना लागत गेला. लोकर साईसारखी उलगडत गेली. आतली नाजूक गुलाबी कातडी पाहून माझा श्वास अडकला; कात्री मात्र अडकली नाही.

शेवटी शेवंती उठली. मान आणि पाय तेवढे ओळखीचे, मधला भाग उंदरांनी कुरतडलेल्या उशीसारखा! पण अंगावर एक ओरखडा नाही. (मिलिंदच्या झब्ब्याची एक बाही तेवढी लोकरीबरोबर उतरली होती.) ती वाळूत मनसोक्त लोळली, उधळली, वाऱ्याला अंग देत उभी राहिली.

"मॉम, यू ॲक्च्युअली डिड इट!" ईरा म्हणाली.

मी वाळूवर आडवी झाले. बोटांना फोड, केसांत चारा, मनात साम्राज्ञीचा थाट. डोळे मिटून मी माझ्या विजयावर कविता रचू लागले. दुसरी ओळ सुचते न सुचते तोच कुंपणापाशी अबोली गुणगुणू लागली.

आणि निरांजन पुन्हा पेटवत सासूबाई मला म्हणाल्या, "पुढची!"