नकाशाला घातलेला हार

कामतघरच्या ज्या कारखान्यात माझ्या मामाने उभा जन्म माग चालवला, तिथे आता ‘सोव्हिएत भिवंडी’ नावाची इतिहासफेरी जाते. भिवंडी कधी सोव्हिएत होती, हे मला त्या जाहिरातीवरूनच कळलं. युनियनचा लाल बावटा होता, हे खरं. रशियाहून गुळगुळीत कागदाची मासिकं यायची आणि त्यांची पानं आमच्या वह्यांना कव्हर म्हणून चढायची, हेही खरं. एवढ्या सामानावर साम्राज्य उभं करायला मानकोलीच्या गोदामवाल्यांनी वाटलेल्या लाल टोप्या आणि ठाण्याचा एक गाईड पुरला.

मामा म्हणाला, “मला पण ने.”

“तुला काय बघायचंय? तुलाच बघायला लोक येतील.”

“कारखाना पाडणार हायेत. त्याच्याआधी त्याच्याशी बोलायचंय.”

तो म्हणजे समोरच्या मागावरचा त्याचा मित्र. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. दोघंही युनियनचे खंदे. कारखान्याच्या भिंतीवर त्यांनी सोव्हिएत देशाचा नकाशा लावला होता. तो देश मोडल्याची बातमी आली, तेव्हा मित्राने बाजारातून चंदनाचा हार आणला आणि नकाशाला घातला, मेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तसा. देव, धर्म, शकुन काहीच न मानणारा मामा भडकला. जितेपणी हार घालतोस? काढ तो. मित्राने काढला नाही. पुढे दोघं समोरासमोर माग चालवत राहिले, पण बोलले नाहीत. मित्राच्या मयतालाही मामा गेला नाही.

“रागावलाय का अजून, एवढंच विचारायचंय,” मामा म्हणाला. बाजारातून कोथिंबीर आणायचीय, अशा सुरात.

मागांच्या खडखडाटात आवाज कुणाच्या कामाचा नसतो. कारखान्यात माणसं ओठांनी बोलतात, आवाज न काढता, तोंड मोठं हलवून. मामाचा डबा पोचवता पोचवता मलाही ते ओठ वाचता यायला लागले होते.

आम्ही आत शिरलो तर माग नव्हतेच. भंगारात गेलेले. जमिनीवर तेलाचे काळे चौकोन होते, प्रत्येक मागाच्या जागी एक. भिंतीवर नकाशा मात्र होता, हारासकट. दारात वाटलेल्या हेडफोनमध्ये गाईडचा आवाज आला, “हा हार म्हणजे कामगारांनी एका महान स्वप्नाला केलेला मानाचा मुजरा.” मामा आपल्या चौकोनापाशी जाऊन उभा राहिला.

“आता डोळे मिटा आणि भूतकाळ अनुभवा.”

कानात एकदम शंभर माग सुरू झाले. मला सहन होईना, मी हेडफोन काढले. बाहेर चिडीचूप. लाल टोप्या घातलेली माणसं डोळे मिटून उभी होती, झोपेत चालत आल्यासारखी. त्यांच्यात एकट्या मामाचे डोळे उघडे होते. तो समोरच्या रिकाम्या चौकोनाकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते.

जेवलास का, विचारत होता. मग थांबला, मान डोलावली, हसला. पुन्हा काहीतरी बोलला, ते मला कळलं नाही. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून: रागावलायस का अजून?

आणि गाईडने आवाज बंद केला. सगळ्यांनी डोळे उघडले. कुणीतरी “वॉव” म्हणालं.

मामाचे ओठ अर्धे उघडे राहिले. “परत लाव ना जरा,” तो गाईडला म्हणाला. “त्याचं बोलणं राहिलंय.”

“कुणाचं, काका?”

“लाव तर.”

पोरगा स्वभावाने बरा होता. त्याने लावलं. या वेळी कुणी डोळे मिटले नाहीत. मामाचे ओठही हलले नाहीत. तो नुसता समोर बघत होता, ओठ वाचताना बघतात तसा, थोडा खाली, माणसाच्या हनुवटीच्या उंचीवर. बराच वेळ बघितलं. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिले, भिंतीपाशी गेला आणि नकाशावरचा हार उतरवला.

“काका, हात नका लावू. हेरिटेज आहे ते.”

“काढायला सांगितलंय.”

“कुणी सांगितलं?”

“ज्यानं घातला त्यानं.” हार त्याने खिशात टाकला.

गाईडने माझ्याकडे बघितलं. मी त्या चौकोनाकडे बघत होते.

धामणकर नाक्यासाठी आम्ही शेअर रिक्षा धरली. मामा आत सरकला आणि पार कोपऱ्यात बसला. मी त्याच्या शेजारी बसणार तर त्याने मधल्या जागेवर हात ठेवला. रिक्षावाला बाहेर तोंड काढून ओरडत होता, “एक सीट, एक सीट, नाका, नाका.”

“भरली रे,” मामा म्हणाला. “चल.”

रिक्षावाल्याने आरशात बघितलं. काय दिसलं कुणास ठाऊक, त्याने गिअर टाकला. मी बाहेरच्या बाजूला आणखी थोडी सरकले.