नानांनी सही केलेला नकाशा

नाना गेल्याचा फोन अमळनेरहून आला तेव्हा मी धुळ्याच्या ऑफिसात विहिरींचे आकडे तपासत होते. हातातली ओळ पुरी केली, रजेचा अर्ज दिला आणि एसटी पकडली. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला आता दीड महिना झाला.

भूजलाच्या कामात नाना माझे वरिष्ठ, मी नकाशे काढणारी. ठरावीक विहिरींत टेप सोडून पाणी किती खोल आहे ते मोजायचं आणि त्यावरून जिल्ह्याचा नकाशा करायचा, हे आमचं काम. विहिरी वाटेल तशा विखुरलेल्या. एका शिवारात तीन, मग मैलोन्‌मैल एकही नाही. नकाशा मात्र सारख्या चौकोनांचा. नानांची रीत ठरलेली होती. चौकोनाच्या मध्यावर कंपासचं टोक ठेवून नेमलेल्या मापाचं वर्तुळ काढायचं, त्याचे चार भाग करायचे, प्रत्येक भागातली सर्वांत जवळची विहीर घ्यायची. निदान तीन भागांत विहीर सापडली तर सरासरी काढायची, जवळच्या विहिरीला जास्त वजन देऊन, आणि चौकोनात निळा रंग भरायचा. नाही सापडली तर चौकोन कोरा. मी वैतागायचे, सगळेच चौकोन भरावेसे वाटायचे. नाना अहिराणीत चिडवायचे, "अक्का, बठ्ठा नकाशा निया करी टाकशी का?"

"नाना, कोऱ्या कागदाचा पगार मिळत नाही."

"माले तं त्यानाच भेटस."

मग एका टंचाईच्या उन्हाळ्यात साहेबांनी बजावलं, शनिवारी नकाशा पुण्याला जाणार, एकही चौकोन कोरा नको. नाना मोजणीला बाहेरगावी. शिंदखेड्याकडच्या एका गावाचा चौकोन काही केल्या भरेना. मी कंपास ताणत गेले, शेवटी पूर्वेची एक विहीर वर्तुळात आली. एकाच भागात, एकच. तिचा आकडा चौकोनात मांडला, निळा रंग भरला. नाना उन्हातून दमून आले, माझं अक्षर पाहिलं आणि सही केली. इतक्या वर्षांत माझं काम त्यांना कधी तपासावं लागलं नव्हतं.

त्या नकाशावरून गावाने पिण्याच्या पाण्याची विहीर खोदली. सुरुंग लावत खाली गेले, कोरडा दगडच लागत राहिला. गाव आणि मी धरलेली पूर्वेची विहीर यांच्यामध्ये काळ्या दगडाची उभी भिंत जमिनीत गाडलेली होती. पाणी तिच्या पूर्वेला अडत होतं. गावच्या बायका रोज हंडे घेऊन तिकडेच जात होत्या. कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

त्यांतल्याच एक म्हाताऱ्या बाई ऑफिसात आल्या. "नाना, कागदवर पानी व्हतं, मंग इहिरमा काबर नही?"

"चुकनं, माय," नाना स्वतःकडे बोट दाखवत म्हणाले. "मनी सही शे."

शेजारच्या टेबलाशी मी पेन्सिलीला टोक करत होते. मान वर केली नाही.

चौकशी झाली, नानांची बढती थांबली. त्याच जागेवरून ते निवृत्त झाले. दर दिवाळीला मी अमळनेरला नाना-काकूंकडे जायचे. एकदा तर एसटीत सगळी वाक्यं जुळवून गेले होते… आणि काकूंना शेवभाजीची कृती विचारून परत आले.

नानांचे दिवस झाल्यावर काकूंनी मला त्यांच्या खोलीत नेलं. भिंतीवर त्या नकाशाचा कच्चा कागद लावलेला. माझं ताणलेलं वर्तुळ पेन्सिलीत तसंच होतं. त्याच्या आत, बारीक रेषेत, नानांनी काढलेलं नेमलेल्या मापाचं लहान वर्तुळ. चारही भाग रिकामे.

"हा कधीपासून आहे?"

"चौकशी चालली होती तेव्हापासून. चौकोन कुणी भरला, असं विचारलं होतं ना त्यांना. म्हणाले, माहीत नाही."

तेव्हा मी सांगितलं, उभ्यानेच. काकूंनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "मला सांगून काय होणार, बाई? त्यांना सांगायचं होतं. आता त्या गावाला तरी सांगा."

नकाशा तिथेच राहू दिला. मागायचा मला हक्क नव्हता. शिंदखेड्याची एसटी रोज सकाळी आमच्या ऑफिससमोर थांबते, बसायला जागाही असते. मी अजून गेलेले नाही.