कोळीवाड्यातल्या सह्या

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या समाजसेवेत मी नाव घातलं, ते काही समाजाच्या कळवळ्याने नाही. माझी शाळेपासूनची जिवाभावाची मैत्रीण आमच्या गटाची लीडर होती, आणि ती जाईल तिथे मी, हे ठरलेलंच. मी गोरेगावच्या चाळीतून निघायची, ती अंधेरीला भेटायची आणि आम्ही सगळे खाडीकाठच्या कोळीवाड्यात बायांना लिहायला शिकवायला जायचो. दुपारी तीनला, बाया बाजार आटोपून आल्या की देवळाच्या मंडपात वर्ग.

वर्ग कसला डोंबलाचा! बाराखडीत कुणालाच रस नव्हता. "मना सही शिकव गो," एवढंच. माझ्या वाट्याला आलेली मावशी तर भारीच हट्टी. मासे विकताना भल्याभल्यांना गप्प करणारी बाई, पण मच्छीमार सोसायटीतला कारकून तिचा अंगठा धरून शाईत दाबायचा तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून आम्ही शॉर्टकट मारला. वाचायचं नंतर, आधी सही. महिनाभरात अख्खा मंडप सह्या करायला लागला. मग काय, कागद दिसला की झुंबड! हजेरीच्या वहीत मावशी दोन-दोनदा सही करायची आणि मी कौतुकाने करू द्यायची.

एके दुपारी मैत्रिणीने टाइप केलेला इंग्रजी कागद आणला. "हजेरीचाच आहे गं, कॉलेजला द्यायचाय. घे ना पटापट सह्या." घेतल्या. मावशीच्या कागदाखाली पाटी मी स्वतः धरली. झकास सही आली म्हणून तिची पाठही थोपटली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर गेले तर वाळवणाच्या मैदानाला तारेचं कुंपण. तिथे बांबूंवर बायांचे बोंबील वाळायचे. पावसात होड्या बंद झाल्या की त्या सुक्या मासळीवरच मावशीचं घर चालायचं. कुंपणाशी उभ्या असलेल्या मुकादमाने एका कागदाची नक्कल माझ्या नाकासमोर धरली. इंग्रजीत लिहिलं होतं, ही जागा आम्ही आता वापरत नाही, ती दुसऱ्याला द्यायला आमची हरकत नाही. खाली माझ्या वर्गातल्या सगळ्या सह्या.

मैत्रिणीला कॅन्टीनमध्ये गाठलं. तिने आधी चहाचा घोट घेतला. "अगं, मामाचं काम होतं. इमारती बांधतो ना तो. आणि त्या काय, दुसरीकडे वाळवतील. तू कशाला एवढी तापतेस यार?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शाळेपासून जिच्या डब्यात जेवले, तिने मला हमालासारखं वापरलं. वर विचारते, तापतेस कशाला! त्या दिवसापासून मी तिच्याशी अवाक्षर बोलले नाही. पण तिचं काय अडलं?

मावशीकडे एकटीच गेले. ती शिव्या घालणार म्हणून मनाची तयारी केली होती. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उंबऱ्यात बसली होती, आत ये म्हणाली नाही.

"पोरी, तो कागद तू वाचला व्हता ना?"

"नाही गं मावशी. आईशप्पथ, नाही वाचला."

तिने माझ्या खांद्यावरच्या पुस्तकांच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

"कालेजात शिकतेस, आनि वाचला नाय?"

मी खरंच वाचला नव्हता. ते तिला शेवटपर्यंत पटलं नाही.