इंटरनेटची पोथी

तेल्हाऱ्याकडच्या आमच्या गावात वाचनालय होतं. वाचनालय म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि बाहेर लांबलचक ओटा. मी तिथली ग्रंथपाल. पुस्तकांपेक्षा ओट्यालाच माणसं जास्त, आणि मला त्याचा असा संताप यायचा की बस! कपाशीचे ते वाईट दिवस होते. बोंडअळीनं सगळ्यांची तोंडं उतरलेली, पुस्तक मागणार कोण? अशात एकदा सरकारी यादीतून पुस्तकांचं खोकं आलं. मी हौसेनं फोडलं, तर सगळ्यात वर इंटरनेट, वृत्तवाहिन्या आणि जवळ आलेलं जग असल्या विषयांवरचा जाडजूड ठोकळा. अहो, गावात कॉम्प्युटर तर सोडाच, विजेची लाइनसुद्धा धड टिकत नव्हती! कपाळाला हात लावून मी तो खालच्या फळीवर ढकलला.

घरी माझे सासरे वेगळ्याच दुःखात होते. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. चाळीसेक वर्षं ते चातुर्मासात पोथी वाचत आले होते. ओवी वाचायची, थांबायचं आणि तिचा अर्थ आपल्या वऱ्हाडीत उलगडून सांगायचा, ही त्यांची रीत. आवाज असा की गावाच्या शेवटच्या घरात बाळंतिणीलाही ऐकू जावा. पण केबल आली आणि माणसं उठून सिरियलकडे गेली. मामाजी रिकाम्या सतरंजीपुढे वाचत बसायचे. मी तोंडानं कधी गोड बोलणारी नव्हे. पण लग्नानंतर मला शिकू दिलं ते याच माणसानं, सगळ्या भाऊबंदांशी भांडून. त्यांचा आवाज असा वाया जाताना मला पाहवायचं नाही.

मग भारनियमन सुरू झालं. संध्याकाळी पाच ते आठ लाइन बंद. टीव्ही मुके झाले आणि माणसं पुन्हा ओट्यावर येऊन बसली, पण पोथी म्हटलं की जांभया द्यायची. एक दिवस मी चिडून तो ठोकळा मामाजींपुढे आपटला. "पोथी आयकत नाईत नं? मंग हे वाचा!" मी थट्टेनंच म्हटलं. त्यांनी पुस्तक कपाळाला लावलं, पाटावर ठेवलं आणि उघडलं.

बाप्पा, काय रंगलं ते! पोथीच्याच चालीवर एक वाक्य, मग अर्थ. "सर्व्हर म्हंजे काय? तं आपला पोस्टमास्तर. फक्त हा दुपारी झोपत नाई अन् दुसऱ्याचं पत्र फोडत नाई, असं हे पुस्तक म्हंते." बातम्यांच्या प्रकरणाला तर ओटा भरून गेला. आदल्याच महिन्यात टीव्हीवाल्यांची गाडी येऊन गेली होती. एका चांगल्या हसऱ्या माणसाला त्यांनी कपाशीच्या पऱ्हाटीत उभं करून आभाळाकडे पाहायला लावलं होतं. कॅमेरा दाखवतो त्याहून जास्त वगळतो, असं मामाजींनी वाचलं, तर तो माणूस मागून ओरडला, "माही मान आखडली, थे वगळलं!" इतकं हसणं त्या वर्षात मी गावात दुसरीकडे ऐकलं नाही. मामाजी तर दहा वर्षांनी तरुण झाले.

एका संध्याकाळी वाक्य आलं, 'जग हे आता एक खेडं झालं आहे.' मामाजी अर्थ सांगायला खाकरले, तेवढ्यात आमच्या शेजारची काकू, गावातली सगळ्यात तिखट जीभ, मधेच म्हणाली, "थांबा भाऊजी. खेडं झालं म्हंता? आपल्या इथं कोणाच्या घरचं माणूस गेलं तं त्या घरी चूल पेटत नाई. शेजारी बेसन-भाकर नेते. त्या खेड्यात कोण नेते?"

मामाजींनी पानं पुढंमागं चाळली. अर्थ सापडेना. पुस्तकाच्या शेवटी लेखकाचा ई-मेलचा पत्ता होता. पत्र क्षणार्धात जगात कुठंही पोचतं, असं आतही लिहिलेलं होतं. "लेखकालेच इचारतो," मामाजी म्हणाले.

ई-मेल करायला अकोल्याचं इंटरनेट कॅफे गाठावं लागायचं. काकू कुठली सोडायला! "पोथीतलं खरं-खोटं मेल्यावर कयते, भाऊजी. याचं तं अकोल्याले गेल्यावर कयते."

ओटा हसला. मामाजींना ते लागलं. "उत्तर नाई आलं तं मी या ओट्यावर पुन्हा तोंड उघडणार नाई!" मी मनात म्हटलं, घ्या, हात दाखवून अवलक्षण!

बुधवारी मला वाचनालयाच्या कामासाठी अकोल्याला जायचंच होतं. मामाजी परीटघडीचं धोतर नेसून निघाले. कॅफेत मराठी अक्षरं नव्हती, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करत गेले. मामाजींनी साष्टांग नमस्कारापासून सगळं सांगितलं, काकूचा प्रश्न शब्दन् शब्द घातला. मी बटण दाबलं. पत्र गेलं. मामाजी हात जोडून पडद्यापुढे बसून राहिले.

"चाला नं, मामाजी."

"थांब पोरी. क्षणार्धात जाते तं क्षणार्धात येईनच."

मी समजावलं, पण ऐकतील तर शपथ! तासभर ते तसेच बसले. कॅफेवाल्यानं शेवटी दया येऊन पंखा त्यांच्याकडे वळवला. अखेर संध्याकाळच्या एसटीनं आम्ही परतलो.

ओट्याला लागूनच आमच्या शिंपीचाचांचं दुकान होतं. गावचा पीसीओचा फोनही तिथंच. शिलाई मारता मारता चाचा सगळं पुस्तक ऐकायचे. त्यांनी हसत विचारलं, "काय भाऊ, पोस्टमास्तर झोपला काय?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मामाजींनी पुस्तक फडक्यात बांधलं आणि घरी नेलं. रोज पाच वाजले की ओट्याकडे पाठ करून शेंगा फोडत बसायचे. मला रडू यायचं. आग मीच लावली होती. पुढच्या बुधवारी अकोल्याला जाऊन पाहिलं, काही नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी उत्तर आलेलं होतं. वाचलं आणि तसंच पुन्हा एकदा वाचलं.

कागद छापून आणला, देवनागरीत उतरवला आणि संध्याकाळी मामाजींना हाताला धरून ओट्यावर बसवलं. त्यांनी त्याच चालीवर सुरुवात केली. "उशीर झाला, क्षमा करा. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी माझी आई गेली. मी अमरावतीत एका फ्लॅटमध्ये राहतो. देशोदेशींहून खूप निरोप आले. तीन दिवस आम्ही हॉटेलातून आणून खाल्लं. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही." खाली फोन नंबर होता. तो मामाजींच्यानं वाचवेना. त्यांनी कागद चाचांपुढे केला.

उत्तर आलं होतं, मामाजींचा मान राहिला होता, पण ते कोणाला आठवलंच नाही. काकू उठून घरी गेली. तिचेच शब्द तिला लागले, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर काकू एसटीच्या थांब्यावर, हातात फडक्यात बांधलेला डबा. मी म्हटलं, "काकू, आता कुठली बेसन-भाकर? दोन आठवडे झाले. तेरवीही झाली असन."

"होऊ दे," काकू म्हणाली. "आपल्याले तं कालच कयलं."

तिनं अमरावतीच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात डबा दिला आणि डबा हरवला तर काय होईल तेही त्याला नीट सांगितलं. चाचांनी कागदावरचा नंबर फिरवला. "साहब, आपके घर का डब्बा निकला है. कंडक्टर के पास है. स्टँड पे टाइम से पहुंचना, और खाके मत आना, भूकेच आना."

संध्याकाळी लाइन गेली आणि चाचांच्या दुकानातला फोन वाजला. मामाजींनी घेतला, पलीकडं लेखक. बराच वेळ ते नुसते "हव... हव... नाई बाप्पा, त्यात काय?" एवढंच म्हणत होते. डोळे पुसत बाहेर आले. घरून बांधलेलं पुस्तक आणलं, फडकं सोडलं, ते पाटावर ठेवलं आणि जिथं अडलं होतं तिथूनच उघडलं. तोच जुना खणखणीत आवाज. किती दिवसांनी ऐकला! मी खोलीत कपाटाआड उभी राहून मनसोक्त रडले, आणि खूप बरं वाटलं मला.

"जग हे आता एक खेडं झालं आहे," त्यांनी वाचलं.

सगळे अर्थासाठी थांबले. मामाजींनी चष्मा काढला.

"याचा अर्थ वहिनीले इचारा," ते म्हणाले.

सगळ्यांच्या माना काकूकडे वळल्या. तिनं पदरानं नाक पुसलं आणि खेकसली, "पुढं वाचा नं भाऊजी! आता लाइन येईन."