धूसर केलेला फोटो

वाशी या तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत महिन्यातून एकदा सात-आठ जण गोल करून बसत. कुणाचा चेहरा भाजलेला, कुणाच्या अंगावर कोड, कुणाचा ओठ जन्मापासून दुभंगलेला. एक समुपदेशक बाई त्यांच्याशी बोलत. तालुक्याचा बातमीदार म्हणून मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा अर्ध्या तासात बातमी उरकेल असं धरून गेलो होतो.

तिथे सल्ले कमी आणि गाऱ्हाणी जास्त असत. कोड असलेले एक निवृत्त गुरुजी सांगत होते, की त्यांच्या घरचा चहा कुणी घेत नाही. “साखर लई वाचती,” ते म्हणाले. सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत.

पस्तिशीतली एक बाई आठवडी बाजारात लसूण-मिरची विकायची. चहा करताना स्टोव्हचा भडका उडून तिचा डावा गाल आणि मान भाजली होती. तेव्हापासून ती पदर दातात धरून बसे. पदर दातात असला की गिऱ्हाइकाला हाक मारता येत नाही, भाव सांगता येत नाही. शेजारणीचा माल आधी संपे. समुपदेशक बाईंनी तिला रोज थोडा वेळ पदर सोडायला सांगितलं होतं. आधी घरच्या ओट्यावर, मग गल्लीत. बाजार राहिला होता.

फोटो काढा, असं तीच म्हणाली. “पेपरात एकदा समद्यांनी बघून घेतलं, की बाजारात कोण बघत बसंल?” पदर खांद्यावर टाकून ती खिडकीशी उभी राहिली. मी तीन फोटो काढले, एक पाठवला. चेहरा झाकू नये, एवढी सूचना लिहायची राहिली.

छापून आला तेव्हा चेहरा धूसर केलेला होता. भाजलेल्या बाईचा फोटो आला की चेहरा धूसर करायचा, ही पानं लावणाऱ्या आमच्या डेस्कची सवय, अत्याचाराच्या बातम्यांतून लागलेली. डेस्कवर होतो तेव्हा मीही असे कितीतरी चेहरे मिटवले होते.

गावाने तिला साडीवरून ओळखलं. धूसर चेहरा म्हणजे पोलीस केस. सासरच्यांनी जाळलं होतं का, मग इतकी वर्षं गप्प का बसलीस, असं बायका बाजारात विचारू लागल्या. नवऱ्याला पारावर दोघांनी अडवून तेच विचारलं. त्या दिवशी तो घरी जेवला नाही.

पुढच्या बैठकीला ती पदर दातात धरूनच आली. चूक कशी झाली ते मी सांगितलं, खुलासा छापतो म्हणालो. तिने पदर सोडला तो बोलण्यापुरता.

“दादा, तुमी माझं तोंड नीट बघितलं व्हतं. मग पेपरला का बघवलं न्हाय?”

 मी त्याच रात्री खुलासा लिहून पाठवला.

खुलासा आतल्या पानावर तीन ओळींचा आला, फोटोविना. मी अंक घेऊन बाजारात गेलो. तिने तो वाचून घडी करून परत दिला आणि मूळ फोटो मोठा करून मागितला.

पुढच्या बाजारी तिने तो मिरचीच्या पोत्याला टाचला आणि स्वतः मागे पदर दातात धरून बसली. बायका थांबत, फोटो बघत, मग तिच्याकडे. एकीने विचारलं, हे कशानं झालं. उत्तर द्यायला पदर सोडावाच लागला.

“च्या करताना स्टो भडकला. लसूण किती देऊ?”

मग पदर पुन्हा दातात. मी तासभर उभा होतो, तेवढ्यात असं पाचदा झालं. त्याची बातमी मी पाठवली नाही.