आतोबांचा आदाब

निजामाच्या राज्यात हैदराबाद शहर आपल्या मालकीचं आहे असं दोनच माणसांना वाटत असे. एक खुद्द निजामसरकार आणि दुसरे आमचे आतोबा. त्यातही सरकारांना महाल, तोफा आणि खजिना एवढंच ठाऊक असावं. कोणत्या गल्लीत कोणता चितारी सध्या कुठला पडदा रंगवतोय, कोणत्या सारंगीवाल्याचं बोट सुजलंय, कोणत्या फोटोग्राफरने नाव तेवढं स्वतःचं ठेवून दुकान भाच्याच्या गळ्यात घातलंय, ही बित्तंबातमी आतोबांकडेच मिळे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नांदेडच्या कचेरीत ते नक्कलनवीस होते. दिवसभर दुसऱ्यांच्या दाव्यांच्या उर्दू नकला उतरवायच्या, हे त्यांचं काम. पण ती झाली पोटापाण्याची गोष्ट. त्यांचा खरा उद्योग एकच होता: आमच्या भागातली हातात कला असलेली पोरं हुडकायची आणि हैदराबादेत एखाद्या नावाजलेल्या उस्तादाकडे शागिर्द म्हणून नेऊन बसवायची. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. करू नका असं सांगणारे मात्र पुष्कळ होते आणि त्यात पहिला नंबर आत्याचा. ती म्हणायची, "यांना घरात सवताच्या चपला सापडत न्हाईत, अन् हैदराबादेत उस्ताद बरे सापडतेत!"

पोरं हुडकायला त्यांना वेळकाळ लागत नसे. भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या म्हणून कुणाच्या घरी पोराला मार बसत असला, की आतोबा मध्ये पडत आणि पोराकडे न जाता सरळ भिंतीकडे जात. "मारायचं तर मारा, पर आधी रेघ तर बघा की हो!" एकदा लोह्याला पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते. पोहे झाले, मुलगी आली, बसली, नाव सांगून उठून गेली. मुलीच्या बापाने हात जोडून विचारलं, "मग काय म्हणता?" आतोबा दाराबाहेर बघत म्हणाले, "मुलगी चांगलीच हाय हो. पर ही अंगणातली रांगोळी कुणी काढली?" रांगोळी काढली होती मुलीच्या धाकट्या भावाने आणि बिचारा ते लपवण्यासाठी कोठीत जाऊन बसला होता. आतोबांनी त्याला बाहेर काढला, हात उलटेपालटे करून पाहिले आणि पंधरा दिवसांत हैदराबादेला नेऊन एका खुशनवीसाकडे, म्हणजे सुंदर अक्षरं काढणाऱ्याकडे बसवला. पुतण्याचं लग्न पुढे दुसरीकडे झालं. त्या लग्नात आतोबांना बोलावणं होतं, पण बोलणी करायला कुणी नेलं नव्हतं.

पोर हुडकण्यापेक्षा उस्ताद पारखणं अवघड, असं ते म्हणत. त्यांच्या लेखी उस्ताद दोन प्रकारचे. एक 'बंद' उस्ताद: भिंतीवर बिल्ले, मानपत्रं, गादीवर लोड, आणि कुंचले वाळून खडंग झालेले. दुसरा 'चालू' उस्ताद: नाव झालंय, तरी हात थांबलेला नाही. पोर बसवायचं ते चालूकडेच. हा फरक ओळखायची त्यांची एक रीत होती आणि ती त्यांनी कुठून काढली देव जाणे. दारात उभं राहायचं आणि खणखणीत आवाजात "आदाब अर्ज है" म्हणायचं. आतून लगेच उत्तर आलं की उस्ताद बाद. "जो खरंच कामात हाय, त्याला पहिला आदाब ऐकूच येत न्हाई. दुसरा येतो अन् राग येतो. तिसऱ्याला वळतो, तो आपला माणूस." आता अडचण अशी, की हैदराबाद हे शहरच असं, जिथे आपण अर्धा आदाब केला तर समोरून दीड परत येतो. जगातल्या सगळ्यात अदबशीर गावात आमचे आतोबा एक बेअदब माणूस शोधत हिंडत.

माझी पाळी आली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. आम्ही लातूरला राहत होतो. वडील शाळामास्तर होते आणि चित्र म्हणजे गणिताच्या वहीची नासाडी, हे त्यांचं ठाम मत होतं. आतोबांनी माझी वही पाहिली आणि वडिलांच्या मागे लागले. शेवटी कंटाळून वडील म्हणाले, "एकदाच घेऊन जा. उस्ताद मिळाला तर ऱ्हाईल तिकडं. न्हाई मिळाला तर दसऱ्यापासून मोंढ्यात आडतीवर बसंल. मी बोलून ठेवलंय." मोंढ्यातली, म्हणजे धान्यबाजारातली, ती आडत मी पाहिली होती. दिवसभर भुईमुगाच्या धुळीत बसून पोती मोजायची. मी रात्रंदिवस देवाला हात जोडत होतो, की आतोबांना या खेपेला तरी थोडं कमी ऐकू येऊ दे.

आतोबांनी कचेरीतून चार दिवसांची रुखसत, म्हणजे रजा, काढली. नांदेडहून निघताना आत्याने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि आम्ही हैदराबादेत काचीगुड्याच्या स्टेशनावर उतरलो. पहिल्या दिवशी एका मोठ्या चित्रकाराची कोठी. नवाबांच्या तसबिरी काढणारा माणूस. आतोबांनी आदाब ठोकला आणि शब्द पुरा व्हायच्या आत तो चित्रकार स्वतः दारात आला, सात वेळा वाकला, "तशरीफ लाइए" म्हणाला. आतोबांचा चेहरा पडला. "माफ करना जी, गलत घर आ गया," म्हणून त्यांनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं. "आतोबा, किती चांगला माणूस होता!" मी कळवळून म्हणालो. "चांगला हाय, म्हणूनच म्हणतो. चांगुलपणा करून राहिला, चित्र कवा काढतो?" दुसऱ्या दिवशी तीन घरं झाली, तिसऱ्या दिवशी चार. सगळीकडे माणसं हसतमुख, चहा तयार, आणि आम्ही गलत घरी आलेले. एका घरी तर पोपटाने उत्तर दिलं. तेही आतोबांनी उस्तादाच्याच खात्यावर घातलं. "पोपटाला शिकवायला येळ हाय ह्याला!"

चौथ्या दिवशी संध्याकाळची गाडी होती. माझ्या डोळ्यांपुढे पोती नाचत होती. दुपारी आम्ही नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका उस्तादाच्या दारात पोचलो. आतोबा म्हणाले, सगळ्या नाटक कंपन्या या माणसाची वाट बघत थांबतात. मोठी पत्र्याची शेड, शागिर्द जेवायला गेलेले, आणि एकटे म्हातारे उस्ताद आमच्याकडे पाठ करून पडद्यावर कारंजं रंगवत होते. आतोबांनी आदाब केला. उत्तर नाही. दुसरा केला. उत्तर नाही. आतोबांनी माझा हात घट्ट धरला. तिसरा आदाब असा घातला, की पत्रा थरारला. उस्तादांनी कारंज्याला आणखी एक फटकारा दिला. आतोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ लेका," ते कुजबुजले, "याला म्हणतेत काम. तिसऱ्यालाबी वळंना! असा माणूस आजवर न्हाई बघितला." आम्ही देवळात उभं राहावं तसे अर्धा तास उभे राहिलो.

मग आतल्या दाराच्या पडद्यामागून बाईचा आवाज आला. "कब से खडे हैं जी तुम? उनों कू सुनाई नै देता. कंधे पे हात रखो."

आतोबा मटकन दारातल्या पोत्यावर बसले. एवढी वर्षं सांभाळलेली रीत अशी अंगावर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. "आता कसं रे करावं?" ते मला विचारू लागले. "कामात हाय म्हणून वळला न्हाई, का ऐकू येत न्हाई म्हणून वळला न्हाई? कसं समजावं?" गाडीला दोन तास राहिले होते. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "मला काय रेघ काढता येतीय का? मी आपला आदाबावर चालवत होतो. तूच बघ आता. तुला समजंल ते खरं."

एवढ्यात शागिर्द परत आले. त्यातला एक जण पडद्याच्या कोपऱ्यात झाड रंगवू लागला, आणि त्याची पानं काळी पडत चालली होती. उस्तादांनी ते पाहिलं. ते ओरडले नाहीत आणि त्याच्या हातातून कुंचलाही काढून घेतला नाही. त्याच्या मागे उभे राहिले, त्याचं मनगट आपल्या हातात धरलं आणि त्याच्याच हाताने पानं काढू लागले. चार पानं झाली, पाच झाली. सहाव्या पानाला त्यांनी हळूच हात सोडला आणि पोराला ते कळलंही नाही. पान मात्र बरोबर उतरलं होतं.

"आतोबा, मला हितंच ऱ्हायचं," मी म्हणालो.

आतोबांनी उठून उस्तादांच्या खांद्यावर हात ठेवला. खुणा करून, ओरडून, माझी वही नाकासमोर धरून त्यांनी सगळं सांगितलं. उस्तादांनी चित्रं उलटली. माझे देव, माझे शिवाजी महाराज, माझा सूर्यास्त बाजूला सारला आणि मोंढ्यात झोपलेल्या एका कुत्र्याच्या चित्रावर बोट ठेवून मोठ्याने हसले. "ये देख के निकाला. बाकी सुन के निकाला," ते म्हणाले. "झाडू मारना पडता, रंग घोटना पडता. रहता तो रहो."

पोर उस्तादाच्या स्वाधीन करताना थोरल्या माणसाने एक वाक्य म्हणायचा रिवाज होता: "हड्डी हमारी, चमडी आपकी." म्हणजे मारून कातडं काढलंत तरी तक्रार नाही, हाडं तेवढी घरी परत द्या. आतोबांनी हे वाक्य दहा-बारा पोरांसाठी म्हटलेलं होतं आणि मोठ्या ऐटीत म्हटलेलं होतं. आताही त्यांनी टोपी नीट केली आणि म्हटलं. उस्तादांनी कानामागे हात धरला. "क्या बोले?" आतोबांनी पुन्हा म्हटलं, एवढ्या जोरात की गल्लीतली शेळी उठून उभी राहिली. "क्या?" उस्ताद म्हणाले. तिसऱ्यांदा आतोबांनी तोंड उघडलं, पण नजर माझ्याकडे वळली. माझ्या पाठीवर त्यांचा हात होता. मग ते अगदी हळू, आपल्या मराठीत म्हणाले, "हाडंबी आमचीच हायत जी, अन् कातडंबी आमचंच हाय. लेकराला जपा."

उस्तादांनी नुसते ओठ हललेले पाहिले. रिवाज पुरा झाला असं समजून त्यांनी मान डोलावली आणि माझा हात धरला. आतोबा पिशवी उचलून स्टेशनकडे निघाले. गल्लीच्या वळणावर तरी ते मागे बघतील असं मला वाटलं होतं, पण ते तसेच गेले.

पुढे मी चार वर्षं तिथे रंग घोटले, पडदे रंगवले आणि पोटाला लागलो. आतोबा अधूनमधून नवं पोर घेऊन येत, माझ्या बिऱ्हाडी उतरत, आत्याच्या हातचे धपाटे देत. त्यांना जाऊन आता फार वर्षं झाली. आपण त्या दिवशी जे बोललो ते कुणाला ऐकू गेलं नाही, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं. मला ते शब्दन् शब्द ऐकू आलं होतं. दर भेटीत सांगायचं ठरवत असे, आणि दर भेटीत राहून गेलं.