गुरूवर फेरी लागेल

"मागं घ्या, मागं! कट मारा! अवो मास्तर, डावीकडं म्हंजे तुमच्या डावीकडं, माझ्या न्हाय!"

जेट्टीवर गाड्या बोटीत चढवून देणारा, सगळ्या गावाचा मामा ओरडत होता, बोटीवरचे झाडून सगळे प्रवासी ओरडत होते आणि माझ्या मोटारीचं मागचं चाक खाडीवर अधांतरी लटकत होतं. मामाच्या मते ते पाण्यापासून चांगलं हातभर लांब होतं, पण गाडीत तो नव्हता, मी होतो.

आमच्या खाडीवरची फेरीबोट दिघीच्या बोटीसारखी मोठी नव्हे. तिच्यात गाडी पाठमोरी चढवायची, म्हणजे पलीकडे तोंड पुढे करून सुळकन उतरता येतं. टेम्पो, बर्फाची गाडी, एकदा तर नवरदेवासकट वरातीची मोटार, मामाने सगळ्यांना पाठमोरं घेतलं. गाडी नीट लागली की बॉनेटवर दोन थापा आणि एकच शब्द, "बसली." माझ्या गाडीला त्या थापा कधी मिळाल्या नाहीत. मामा मला खाली उतरवायचा आणि स्वतः गाडी लावायचा.

मी शाळाशाळांतून दुर्बीण घेऊन आकाशावर बोलत फिरतो. अशी चारचौघांत अब्रू गेल्यावर मला आकाशाचाच आधार. बोट सुटली की मी खड्या आवाजात सुरू करी, "माणूस गुरू ग्रहाकडे जाणार, मामा! तिथे पाय ठेवायला जमीन नाही, पण चंद्र आहेत. युरोपा नावाच्या चंद्रावर वर बर्फ आणि खाली समुद्र. आपल्या अरबी समुद्रासारखे समुद्र त्यात कुठल्या कुठे बुडतील!" जाणाऱ्यांत माझं नाव पक्कं आहे, असंही मी बर्फवाल्याला ऐकवून ठेवलं होतं.

"पाणी हाय?" मामाने कान टवकारले. "मंग फेरी लागंल."

"लागेल की! या चंद्रावरून त्या चंद्रावर."

"आन पूल?"

तुम्ही तेव्हा बोटीवर असता, तर तुमचीही नजर माझ्यासारखीच खाडीच्या वरच्या अंगाला गेली असती. तिथे पुलाचे खांब पाण्यातून वर येत होते. पूल झाला की बोट बंद आणि बोट बंद की मामा घरी, हे जेट्टीवरच्या कुत्र्यालाही कळत होतं.

"पूल कसा बांधणार? चंद्र सारखे फिरत असतात," मी म्हणालो.

मामा इतका खूश झाला की त्याने हातातला अर्धा वडापाव मला दिला. मग प्रत्येक फेरीला तेच, "तिकडं अजून पूल न्हाय ना? मंग माझं नाव सांगून ठेवा."

एकदा मी रंगात येऊन सांगितलं, की गुरूजवळ पोचल्यावर यानाला पाठमोरं व्हावं लागतं. इंजिनाचा जोर पुढच्या बाजूला लावायचा, तेव्हा कुठे वेग मोडतो. नाहीतर यान तसंच पुढे निघून जातं, कायमचं.

मामाने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या गाडीकडे पाहिलं.

"मास्तर, तुमी नका जाऊ."

बोट हसून अशी हलली की पलीकडच्या गावाला अवेळी भरती आली. मामा मात्र हसला नाही. हलकेच म्हणाला, "न्हायतर मला संगं न्या. मी ओरडंन."

पूल झाला. आता खाडी एका शिंकेत ओलांडता येते. मी शिंकून पाहिलंय. परवा मात्र गाडी मुद्दाम खाली जेट्टीवर घेतली. बोट नव्हती, बघणारं कोणी नव्हतं, म्हणून मोकळ्या उतारावर मोठ्या ऐटीत पाठमोरी लावली. उतरून बघतो तर गाडी अशी तिरकी, की जेट्टी बांधणाराच चुकला असावा.

गळ टाकायला येणाऱ्यांसाठी मामाची सख्खी भाची तिथे अजून चहाची टपरी चालवते.

"मामा कुठे गं?"

"न्हावा शेव्याला. गोदामाच्या गेटवर बसतो. गाड्या सगळ्या सरळच आत जातात, म्हनतो. ओरडायला कायच न्हाय."

मी गाडीकडे पाठ करून चहाचा कप घेतला.

"गुरूचं काही विचारतो का?" मी विचारलं.

"तुमचं इचारतो. फोन केला की हेच, मास्तरला गाडी मागं घेता येती का आता?"

"मग तू काय सांगतेस?"

तिने माझ्या गाडीकडे पाहिलं.

"न्हाय म्हून."